अल्क धातूंची घनता आणि क्रांतिक तापमान : या चुका टाळा

कोकणातील प्रयोगशाळेत, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, सोडिअमची (हा लिथिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम, सिझिअम यांच्यासारखाच अल्क धातू) रॉकेलमध्ये बुडवून मोजलेली घनता दर घन सेंमीला ०.९७ ग्रॅमऐवजी ०.९४ किंवा ०.९५ आली, तर दोष बहुधा काट्याचा नसून रॉकेलमधील पाण्याचा असतो. दमट हवेत उघड्या राहिलेल्या रॉकेलमधले पाणी सोडिअमशी अभिक्रिया करते, हायड्रोजनचे बारीक बुडबुडे तुकड्याच्या कडांना चिकटतात आणि आकारमान वाढल्यासारखे दिसते. म्हणून रॉकेल आधी निर्जल कॅल्शिअम क्लोराइडवर रात्रभर ठेवून गाळून घ्यावे.

धातू हवेत तोलणे ही दुसरी चूक. त्याऐवजी काट्यावर रॉकेलचा बीकर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि टिपकागदाने टिपलेला तुकडा बारीक तारेने, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवावा. हा आकडा म्हणजे विस्थापित रॉकेलचे वस्तुमान. तुकडा तळाशी सोडल्यावर येणारा आकडा धातूचे. समजा ते अनुक्रमे १.६० आणि १.९४ ग्रॅम आले आणि रॉकेलची घनता ०.८० असली, तर उत्तर ०.९७ येते, मात्र ०.०५ घन सेंमीचे बुडबुडे चिकटलेले असतील, तर पहिला आकडा १.६४ होतो आणि उत्तर ०.९५ पर्यंत घसरते. लिथिअम रॉकेलवर तरंगते, त्यामुळे ते सुईने दाबून बुडवावे लागते.

रॉकेलची घनता पुस्तकातून उचलू नये. तापमान १० अंशांनी बदलले की ती सुमारे एक टक्क्याने बदलते, त्यामुळे ती त्याच दिवशी, त्याच खोलीत मोजावी. सिझिअम २८.५ अंशांना वितळते. रत्नागिरीच्या मे महिन्यात कुपीतले सिझिअम द्रवच असणार, तेव्हा तुलना द्रवाच्या १.८४ शी करावी.

पिवळट थर चढलेले जुने पोटॅशिअम कापूच नये, कारण सुपरऑक्साइड (म्हणजे तो पिवळट थर) आणि तेल एकत्र आल्यावर स्फोट होऊ शकतो. रॉकेलऐवजी क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइड यांचा तर विचारही नको.

क्रांतिक गुणधर्मांचा, म्हणजे ज्या बिंदूपलीकडे द्रव आणि बाष्प असा भेद उरत नाही तेथील तापमान, घनता वगैरेंचा, अंदाज बांधताना होणारी चूक वेगळ्या जातीची आहे. साध्या द्रवांसाठी चालणारा नियम, म्हणजे क्रांतिक तापमान उत्कलनबिंदूच्या दीडपट, सिझिअमला लावला तर ९४४ केल्व्हिनवरून सुमारे १४१६ केल्व्हिन मिळतात. प्रत्यक्ष मोजमाप मात्र १९२४ केल्व्हिनच्या आसपास आहे. वायू व द्रवांच्या वर्तनाचे साधे व्हॅन डर वाल्स समीकरण क्रांतिक संपीड्यता गुणांक (क्रांतिक बिंदूवर दाब × आकारमान आणि आदर्श वायूसाठी येणारे मूल्य यांचे गुणोत्तर) ०.३७५ देते, तर सिझिअमचा तो सुमारे ०.२० आहे. घनता कमी होत जाते तसे मोकळे इलेक्ट्रॉन अणूंशी बांधले जातात, धातू अधातूसारखा वागू लागतो, आणि अणूंमधील आकर्षणाचे स्वरूपच बदलते. म्हणूनच द्रव व बाष्प यांच्या घनतांची सरासरी सरळ रेषेत पुढे नेऊन क्रांतिक घनता काढण्याची पद्धत येथे दगा देते. ती रेषा क्रांतिक बिंदूजवळ वाकते, हे १९८५ साली सिझिअम आणि रुबिडिअमवरील मोजमापांनी दाखवले. सोडिअमच्या क्रांतिक तापमानाचे सुमारे २५०० केल्व्हिन हे बाह्यनिवेशनाने (मोजलेल्या आकड्यांचा कल पुढे वाढवून) काढलेले मूल्य असल्याने ते तक्त्यात सिझिअमच्या मोजलेल्या मूल्याच्या रकान्यात न मांडता ‘अंदाजित’ म्हणून वेगळे लिहावे.