नेरळ-माथेरान गाडीचा जुना फोटो: काळ कसा ओळखायचा

आधी इंजिनाकडे पाहा, डब्यांच्या रंगावर जाऊ नका. रंग वारंवार बदललेत.

वाफेचं इंजिन असेल तर चाकं मोजा. एका बाजूला तीन असतील, तर ते ऑरेन्स्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीचं, म्हणजे 1907 साली गाडी सुरू झाली तेव्हाच्या चार इंजिनांपैकी एक. चाकांच्या चौकटीकडे नीट पाहा: मधला आस (दोन बाजूंची चाकं जोडणारा दांडा) पक्का, पुढचा-मागचा पोकळ आसातून बाजूला सरकणारा. ही करामत नसती तर इतक्या तीव्र वळणांवर सहा चाकांचं इंजिन रुळावर टिकलंच नसतं.

एका बाजूला दोनच चाकं आणि बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी? इथे हमखास फसगत होते. ते दार्जिलिंगचं 794 क्रमांकाचं इंजिन, नेरळला पुष्कळ नंतर आलेलं.

डिझेल 1950च्या दशकापासून. चालकाची केबिन मधोमध, दोन्ही बाजूंना इंजिनाचे खोके असले तर ते जर्मन युंग कंपनीचं एनडीएम-1 वर्गाचं इंजिन. एनडीएम-6 त्यानंतरचं, वर्गाचं नाव सहसा अंगावरच रंगवलेलं असतं.

डब्यांवर हातब्रेक घेऊन माणसं उभी दिसली, तर फोटो एअरब्रेक (हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक) येण्याआधीचा धरायला हरकत नाही.