स्तोत्र 107 वाचायला बसताना: हिब्रू शास्त्राच्या नव्या अभ्यासकांसाठी

हिब्रू शास्त्र, म्हणजे ज्यूंचा पवित्र ग्रंथ आणि ख्रिस्ती बायबलचा जुना करार, मुळातून वाचायला शिकणाऱ्या बहुतेकांना उत्पत्ती या त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायापासून सुरुवात करायची असते. मी त्यांच्यापुढे स्तोत्र 107 ठेवते. अक्षरओळख झाली, उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लागली, अक्षरांभोवतीच्या स्वरखुणा कळू लागल्या, की लगेच. स्तोत्रसंहिता या त्यातल्या स्तोत्रांच्या पुस्तकाचा पाचवा आणि शेवटचा भाग या स्तोत्राने सुरू होतो. देवाची ‘हेसेद’, म्हणजे धरलेला हात न सोडणारी त्याची माया, सर्वकाळ टिकते, असं पहिलं वचन सांगतं. शेवटचं, 43वं वचन विचारतं: शहाणा कोण? त्याने या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, परमेश्वराच्या मायेची कृत्यं न्याहाळावीत. अख्खं स्तोत्र या प्रश्नाकडे कान ठेवून वाचायचं.

आधी ध्रुवपदं पाठ करा. स्तोत्रात चार प्रकारची माणसं येतात: रानात वाट हरवलेले भुकेले प्रवासी, अंधारकोठडीतले बेड्या घातलेले कैदी, अन्नाची शिसारी आलेले, मरणाच्या दारात पोचलेले आजारी, आणि गलबतांवरून व्यापाराला गेलेले खलाशी. चौघांच्याही गोष्टीत दोन ओळी परत येतात. संकटात त्यांनी परमेश्वराचा धावा केला, ही 6, 13, 19 आणि 28 या वचनांत. त्याच्या मायेबद्दल त्यांनी उपकार मानावेत, ही 8, 15, 21 आणि 31 मध्ये. एकच वाक्य चारदा भेटलं की ते तोंडात बसतं. मग बारीक फरक दिसू लागतात. देव पहिल्यांदा त्यांना ‘सोडवतो’, पुढे दोनदा ‘तारतो’, शेवटी ‘बाहेर काढतो’. व्याकरणाच्या पुस्तकातले तक्ते घोकण्यापेक्षा क्रियापदं अशी भेटली तर जास्त टिकतात, हा माझा पक्का अनुभव.

आता चौघांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवा. ही माणसं संकटात का पडली? कैद्यांनी देवाच्या वचनांविरुद्ध बंड केलं होतं. आजाऱ्यांना तर स्तोत्र सरळ ‘मूर्ख’ म्हणतं, आणि तेही नीतिसूत्रे या शहाणपणाच्या वचनांच्या पुस्तकात ज्याच्यावर पुन्हा पुन्हा कोरडे ओढले आहेत त्या मूर्खासाठीच्या शब्दात. प्रवाशांचा मात्र काहीच अपराध सांगितलेला नाही. खलाशी आपलं रोजचं काम करत होते. दोघे दोषी, दोघांच्या दोषाचा उल्लेखही नाही, पण हाक तीच आणि सुटकाही तीच. नीतिसूत्रांतला मूर्ख आपल्या मूर्खपणाची फळं भोगतो; इथे तोही भोगतो, पण हाक मारतो आणि वाचतो. मला या स्तोत्रातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. घाईने वाचणाऱ्याच्या हातून नेमकी तीच निसटते.

खलाशांवर जास्त वेळ द्या. लाटा आभाळाला भिडतात, खाली खोल जातात, माणसं झिंगलेल्यांसारखी झोकांड्या खातात आणि 27वं वचन म्हणतं, त्यांचं सारं शहाणपण गिळलं गेलं. हे शहाणपण म्हणजे त्यांचं दर्यावर्दी कसब. शेवटच्या वचनातल्या ‘शहाणा’ या शब्दाचं मूळ तेच. कसबाचं शहाणपण समुद्र गिळू शकतो. 43वं वचन मागतं ते वेगळं आहे. वाचलेल्या प्रत्येकाला फक्त आपलीच सुटका ठाऊक असते. चारही सुटका एकत्र पाहून त्यांच्यामागचा एकच हात ओळखणारा, तो या स्तोत्राचा शहाणा.

ज्यू परंपरेने हे कृतीत आणलं. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या मोठ्या संग्रहातल्या बराखोत या ग्रंथात म्हटलं आहे की समुद्रप्रवास करून आलेला, रान ओलांडलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला, अशा चौघांनी उपकार मानलेच पाहिजेत. त्यासाठीची ‘बिर्कत हागोमेल’ ही प्रार्थना आजही सभास्थानात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, चारचौघांसमोर म्हणतात.

33 ते 42 ही वचनं नव्यांना अडवतात. ध्रुवपद थांबतं. देव नद्यांचं वाळवंट करतो आणि वाळवंटाचं तळं. अमीर-उमरावांना वाट नसलेल्या रानात भटकवतो. 40व्या वचनाची दोन्ही अर्धी ईयोब या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात, 21 आणि 24 या वचनांत सापडतात. ती तिथे काढून वाचाच. दुःखाने पिळलेल्या ईयोबाच्या तोंडचे शब्द इथे उपकारस्तुतीत आले आहेत, म्हणजे देवाची माया न्याहाळायची ती कडू प्रश्न बाजूला सारून नव्हे.

रीतसर शिकायचं असेल तर ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटशी जोडलेल्या महाविद्यालयांत बी. डी. ही धर्मशास्त्राची पदवी करता येते. मराठी माणसाने हे मुळातून वाचणं नवं नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने तर बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली. मराठी वाचकाने रमाबाईंचं भाषांतर हिब्रूशेजारी उघडं ठेवावं.

या स्तोत्रानंतर रूथचं पुस्तक घ्या. अवघे चार अध्याय आहेत आणि हिब्रूही सोपी. तिथे आकाशातून कुणी उतरत नाही. एक विधवा सून सासूची साथ सोडत नाही, शेताचा मालक तिला धान्य वेचू देतो आणि पुढे तिच्याशी लग्न करतो. 1:8, 2:20 आणि 3:10 या वचनांत हेसेद हा शब्द शोधा आणि प्रत्येक वेळी ती कोणाची कोणावर आहे, ते वहीत लिहून काढा.