पहिली-दुसरीतलं मूल या सत्रात काय शिकतंय, हे कसं ओळखावं आणि घरी कशी साथ द्यावी

मुलाला "आज शाळेत काय शिकवलं?" असं विचारण्याआधी त्याच्या दप्तरातली गणिताची वही काढा. सहा-सात वर्षांच्या मुलाला सबंध दिवसाचा गोषवारा सांगणं जमत नाही. आधी काय झालं, नंतर काय झालं, त्यातलं सांगण्याजोगं काय, हे लावून बोलण्याची शक्ती अजून घडत असते. म्हणून "काही नाही" असं उत्तर येतं आणि आपल्याला वाटतं, हे मूल काही सांगतच नाही. तेच मूल वही उघडली की पानावर बोट ठेवून बोलायला लागतं: "हे बाईंनी फळ्यावर दिलं होतं. हे मी एकटीनं केलं. इथं माझं टोक मोडलं."

मी पहिली-दुसरीला शिकवते. सत्र सुरू झालं की पालक विचारतात, या वेळी काय काय आहे? धड्यांची यादी दिली तरी त्यांचं समाधान होत नाही आणि ते बरोबरच आहे. कितवा धडा चाललाय यावरून आपलं मूल कुठे पोचलंय ते कळत नाही. दुसरीच्या एकाच बाकावर सलग वाचणारी मुलगी आणि वेलांटीपाशी अडखळणारा मुलगा शेजारी शेजारी बसलेले असतात. आपलं मूल नेमकं कुठे आहे ते शोधायचं आणि तिथेच बोट धरायचं, एवढंच घरचं काम. त्याला रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

पहिली पायरी: वही शेवटून वाचा

शेवटचं लिहिलेलं पान काढा आणि तिथून आठ-दहा पानं मागे जा. जे पुन्हा पुन्हा येतंय, ते या सत्राचं मुख्य काम. सगळीकडे दशक-एककाचे रकाने दिसत असतील तर वर्ग तिथे आहे.

मग चुका बघा, पण मोजू नका. चुकीची जात बघा. एकच चूक तीन ठिकाणी तशीच झाली असेल तर तिथे समजुतीत अडचण आहे. एकदाच झाली असेल तर ती बहुधा घाई. आणि खोडरबरानं कागद खरवडला गेलाय अशा जागा नक्की पाहा. तिथे मुलाला स्वतःलाच शंका आली होती. "इथं तू काय विचार केलास?" हा प्रश्न तिथे विचारायचा.

दुसरी पायरी: वाचन कुठे अडतं ते कानानं शोधा

वाचनाचा क्रम साधारण असा: सुटी अक्षरं, बिनकान्याचे शब्द, काना-मात्रा-वेलांटी-उकार, मग जोडाक्षरं, मग सलग वाक्यं. मुलाला न वाचलेला चार-पाच ओळींचा मजकूर द्या आणि मध्ये न बोलता ऐका. बोट जिथे थांबतं, ती जागा मनात टिपून ठेवा.

आधी एक खात्री करून घ्या. पहिलीतली पुष्कळ मुलं धडा घडाघडा 'वाचतात', पण तो पाठ असतो. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून "हा कोणता?" असं विचारा. मूल सुरुवातीपासून ओळ म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आलं, तर ते अजून पाठांतर आहे. याला रागावू नका. बोललेला शब्द आणि छापलेला शब्द यांची जोडी असते हे त्याला कळलंय, आणि वाचनाची सुरुवात तिथूनच होते.

आता अडणाऱ्या जागा. सुट्या अक्षरांच्या पायरीवर 'घर' हा शब्द मूल 'घ... र...' असा तोडून वाचतं आणि त्याला त्यातून घर ऐकूच येत नाही, कारण बोलताना आपण शेवटचा 'र' अर्धा म्हणतो आणि सुटा वाचताना पूर्ण. उपाय सोपा आहे: दोन्ही अक्षरं आधी सावकाश, मग भरभर, मग एका दमात म्हणायला लावा. तिसऱ्या खेपेला चेहरा उजळतो.

वेलांटीपाशी खरा घोटाळा होतो. आपण मुलाला शिकवलेलं असतं की डावीकडून उजवीकडे, जसं दिसेल तसं वाचायचं. आणि मग 'दिवा' येतो. पहिली वेलांटी 'द'च्या आधी दिसते, पण तिचा उच्चार 'द'च्या नंतर. मूल त्या काठीशीच थबकतं, कारण ते आपला नियम प्रामाणिकपणे पाळतंय. अशा वेळी पुढच्या अक्षरावर बोट ठेवा आणि सांगा, "आधी याला भेट, मग त्याच्या वेलांटीला." दिवा, किती, विहीर, शिडी असे चार शब्द रोज वाचले तरी आठवड्यात फरक पडतो.

जोडाक्षरांत सगळ्यांत त्रास देतो तो 'र'. 'सूर्य'मध्ये तो 'य'च्या डोक्यावर बसतो आणि 'य'च्या आधी बोलतो. 'चक्र'मध्ये पायाशी तिरका येतो आणि नंतर बोलतो. 'राष्ट्र'मध्ये 'ट'च्या खाली त्याचं रूप आणखी निराळं, आणि 'दुसऱ्या'मध्ये तर तो ओळखूच येत नाही. ही चारही रूपं एका दिवशी दाखवलीत तर मूल गोंधळणारच. एका वेळी एकच घ्या. शब्द आधी तोंडानं म्हणा, तुकड्यातुकड्यावर टाळी वाजवा: 'गर्-दी', 'सर्-दी', 'वर्-ग'. कानाला तुकडा कळला की डोळा त्याचं चिन्ह शोधतो.

मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून तुम्ही वाचून दाखवणं बंद करू नका. स्वतःला वाचता येतो त्याहून कितीतरी अवघड मजकूर मुलाला ऐकून समजतो, आणि नवे शब्द त्याच वाटेनं येतात.

तिसरी पायरी: लिखाण कमी, पण नीट

या वयातला हात अजून पुरता तयार नसतो. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात आणि पुढच्या वर्षांत एकेक करून पक्की होतात. शेवटचं हाड पक्कं व्हायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. म्हणून पानंच्या पानं लिहून घेतली की अक्षर सुधारण्याऐवजी बिघडतं. पाच ओळी लिहून घ्या आणि थांबा. त्यातलं सगळ्यांत छान आलेलं अक्षर मुलालाच शोधायला सांगा. हात घट्ट व्हायला मातीकाम, कागद कातरणं, बटणं लावणं हे सगळं लिखाणाइतकंच उपयोगी आहे.

३ आणि ६ उलटसुलट होणं, अक्षर आरशात दिसावं तसं लिहिलं जाणं, हे पाच ते सात वर्षांच्या मुलांत पुष्कळदा दिसतं. जगातली बाकी कुठलीही वस्तू उलटी धरली तरी तीच राहते, पण अंकाला दिशा असते, हे मेंदूला नव्यानं शिकावं लागतं. शांतपणे योग्य दिशा दाखवा, हवेत मोठ्या हातवाऱ्यानं काढून घ्या, आणि पुढे चला.

चौथी पायरी: आकड्यांचं बोलणं आणि लिहिणं यांची गाठ घालून द्या

मराठीत शिकणाऱ्या मुलाची एक खास अडचण आहे. 'तेवीस' म्हणताना आपण आधी तीन म्हणतो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ३. त्यामुळे तेवीस सांगितल्यावर मूल ३२ लिहितं. त्यानं जसं ऐकलं तसंच लिहिलं! याला 'लक्ष नाही' म्हणणं अन्याय आहे.

दुसरी अडचण 'एकोण'ची. एकोणतीस ऐकलं की कानात 'तीस' राहतं आणि वहीत ३९ येतात. एकोण म्हणजे एक उणा. तिसाला एक कमी, म्हणून एकोणतीस. १९ पासून ८९ पर्यंतचे आठही आकडे याच चालीचे आहेत, फक्त ९९ ला आपण नव्याण्णव म्हणतो. हे मुलाला एकदा उलगडून सांगितलं की ते स्वतःच पुढचे आकडे पडताळून बघतं.

पाठांतर होईलच, पण त्याआधी हाताला काहीतरी द्या. साठ-सत्तर काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा. "तेवीस दे" म्हटलं की मुलानं दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या द्यायच्या, आणि तोंडानं म्हणायचं: "दोन दशक, तीन एकक, तेवीस." मग लिहायचं. जुड्या नेहमी डाव्या हाताला ठेवा, म्हणजे काड्यांची मांडणी आणि वहीतली मांडणी जुळते.

याच जुड्या वजाबाकीला कामाला येतात. ४२ मधून १७ वजा करताना बरीच मुलं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, मग ती सातातून दोन काढतात आणि चारातून एक. हिशेब आपल्या परीनं बरोबर केलेला असतो, फक्त प्रश्न बदललेला असतो. अशा वेळी 'हातचा घे' असं पुन्हा पुन्हा सांगून काही होत नाही. चार जुड्या आणि दोन काड्या समोर ठेवा आणि म्हणा, "मला सतरा दे." मूल दोन काड्यांकडे बघतं, थांबतं, आणि मग आपणहून एका जुडीची दोरी सोडतं. ती दोरी सोडणं म्हणजेच हातचा घेणं. सुट्या झाल्या बारा, त्यातल्या सात दिल्या, एक जुडी दिली, उरल्या पंचवीस.

बेरजेत बोटं वापरली तर वापरू द्या. फक्त ८ आणि ५ करताना पुन्हा एकपासून मोजत असेल तर 'आठ मनात, पुढे मोज' इथपर्यंत आणा. त्यापुढची पायरी म्हणजे दहा भरणं: पाचातले दोन आठाला दिले, दहा झाले, उरले तीन, तेरा.

एक प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. सारख्या संख्येची बटणं दोन ओळींत समोरासमोर मांडा. मूल सांगेल, दोन्हीत सारखी. आता त्याच्यासमोरच एक ओळ लांबवर पसरवा आणि विचारा, आता कशात जास्त? साधारण सात वर्षांच्या आतली पुष्कळ मुलं पसरलेल्या ओळीकडे बोट दाखवतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांच्या विचारपद्धतीचा जो अभ्यास केला, त्यातला हा गाजलेला प्रयोग. उत्तर दुरुस्त करू नका, नुसतं बघा. वर्गात आम्ही एवढ्या वस्तू का हाताळायला देतो, ते त्यातून कळेल.

पाचवी पायरी: बाकीचे विषय बोलण्यातून

झाडं, प्राणी, ऋतू, शरीर, चित्रकला, खेळ या सगळ्यांचा घरी वेगळा अभ्यास घेऊ नका. बी रुजत घातलं असेल तर रोज एकदा ते बघा आणि मुलाला चित्र काढू द्या. साधारण सहाव्या वर्षी दुधाचे दात पडायला लागतात. ते एकूण वीस असतात, आरशात बघून मोजू द्या. खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हरल्यावर पुन्हा खेळायला उभं राहणं, हेही मुलं याच सत्रात शिकत असतात, ते कुठल्याच वहीत दिसत नाही.

झोपेबद्दल मात्र ठाम राहा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते. जांभया देणाऱ्या मुलाला जोडाक्षर शिकवून उपयोग नाही.

सहावी पायरी: शिक्षकांना नेमकं विचारा

"अभ्यासात कसा आहे?" असं विचारलं की "ठीक आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: वाचताना नेमका कुठे अडतो? हातच्याची वजाबाकी वर्गात कशी मांडून घेता? गटात बसल्यावर बोलतो का? दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. घरची रीत आणि शाळेची रीत वेगळी पडली की मूल दोन्हीत अडकतं. तुमचं घरचं निरीक्षणही सांगा. "पहिली वेलांटी चुकते, पण दुसरी चुकत नाही" असं एक वाक्य पालकांकडून आलं तर आमचा आठवडा वाचतो.

काही खुणा दिसल्या तर थांबू नका. पुस्तक नाकाशी धरणं, डोळे बारीक करणं, प्रत्येक सूचना दोनदा विचारणं. अशा वेळी आधी डोळे आणि कान तपासून घ्या. महिनोन् महिने सराव करूनही अक्षर आणि आवाज यांची जोडी बसत नसेल तर शिक्षकांशी बोलून तज्ज्ञांकडे दाखवा.

आणखी एक खूण मी फार उशिरा ओळखली. माझ्या वर्गातला एक मुलगा पुस्तकातलं बिनचूक उतरवायचा, फळ्यावरचं मात्र निम्मं सोडायचा. दोन महिने मी त्याला 'लक्ष दे' म्हणत राहिले. एक दिवस सहज त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि त्यानं फळ्यावरची सहाच्या सहा वाक्यं उतरवली. त्याला मागून फळा दिसतच नव्हता, आणि सगळ्यांना तसाच दिसतो असं त्याला वाटत होतं. तुमच्या मुलाच्या वहीत फळ्यावरचं काम अर्धवट आणि पुस्तकातलं पूर्ण असं दिसलं, तर त्याच आठवड्यात डोळे तपासून घ्या.