मूल सांगायचं थांबतं कुठं? किशोरवयीन मुलांच्या घरात या चुका टाळा

दहावीतल्या मुलाच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या माव्याची पुडी सापडली की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुणाच्या संगतीनं?" घर कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं असो, मंगळवार पेठेतलं असो की कागलच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या माणसाचं असो, बोट आधी बाहेर जातं. मित्राकडं, टपरीकडं, मोबाइलकडं. संगतीचा परिणाम होतोच. पण शाळेत मुलांशी बोलताना मला पुन्हा पुन्हा जाणवतं की पुडी खिशात येण्याच्या बऱ्याच आधी त्या मुलानं घरी बोलणं बंद केलेलं असतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका ते बोलणं बंद पाडणाऱ्या आहेत.

घरातला तंबाखू 'तसला' न वाटणं

आजीची मिसरी, आजोबांची चंची, काकांचा मावा. "जा रं, कोपऱ्यावरनं माझी पुडी आण, उरलेल्या पैशाचं तुला चॉकलेट." आठ वर्षांच्या पोराला टपरीवाला नावानं ओळखायला लागतो तो असा. पुढं चौदाव्या वर्षी तोच मुलगा स्वतःसाठी पुडी मागतो तेव्हा टपरीवाल्याला त्यात नवं काही दिसत नाही.

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा पुढं आहे. बिनधुराचा तंबाखू वापरलेल्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी तो दहावा वाढदिवस होण्याआधीच वापरला होता. दहा वर्षांच्या आतलं मूल कट्ट्यावर बसत नाही, ते घरात असतं.

माव्यात तंबाखू आणि चुन्याबरोबर सुपारी असते आणि नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सुपारीला कर्करोगकारक ठरवलं. सुपारीनं गालाची आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. याची सुरुवात घरच्या जेवणातच कळू शकते. लहानपणापासून तांबडा रस्सा वाटीनं पिणारा मुलगा एकाएकी "तोंडात झोंबतंय" म्हणायला लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का ते त्याला बघायला सांगा. जात नसतील तर दंतवैद्याकडं न्या.

घरातल्या मोठ्यांचं व्यसन उद्या सुटेल असं नाही. पण मुलाला टपरीवर पाठवणं आजच थांबवता येतं. २००३ च्या कायद्यानं १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही, आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तर कुणालाच नाही. शिवाय काकांनी पुतण्याला "मला सुटत नाहीये, लई प्रयत्न केला, म्हणून तुला सांगतोय," असं खरं सांगितलं, तर ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त पोचतं.

पकडलं की पंचायत बसवणं

ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते. एकत्र कुटुंबात तर आजोबा, काका, आत्या, सगळे सोप्यात जमतात. मुलगा मान खाली घालतो, शपथ घेतो, दोन थोबाडीत खातो. त्या रात्री तो एकच गोष्ट शिकतो, की पुढच्या वेळी सापडायचं नाही.

स्वीडनमधले संशोधक स्टाटिन आणि केर यांनी २००० साली १४ वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना मुलं कुठं असतात, कुणाबरोबर असतात हे माहीत असतं, त्यांची मुलं कमी भरकटतात, हे आधीपासून माहीत होतं. या दोघांनी विचारलं की ही माहिती पालकांना मिळते कशी? मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून, असं उत्तर निघालं. उलटतपासणीतून आणि पाळतीतून त्या मानानं थोडंच कळतं. म्हणजे मुलाचं आपणहून सांगणं हीच खरी देखरेख, आणि आपण सगळ्यांत आधी तेच तोडतो.

मग पुडी सापडली तर काय करायचं? त्या क्षणी काहीच नाही. "जेवून घे. उद्या सकाळी आपण दोघं रंकाळा तलावावर चालायला जाऊ." समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना या वयातली मुलं जास्त बोलतात. "का खाल्लास?" यापेक्षा "पहिल्यांदा कधी घेतलास, तेव्हा काय झालं होतं?" असं विचारा. उत्तर येईपर्यंत गप्प राहा. शिक्षा द्यायचीच असेल तर ती कृतीची द्या, पैसे बंद करा, संध्याकाळचं बाहेर जाणं कमी करा. खरं सांगितल्याबद्दल मात्र शिक्षा कधीच नको.

याच चुकीची दुसरी बाजू आयांनी ऐकावी. "ह्यांना कळलं तर मारतील" म्हणून झाकून ठेवू नका. मुलाला सांगूनच वडिलांच्या कानावर घाला, "मी बाबांना सांगणार आहे, पण आधी त्यांना शांत करीन." झाकाझाक झाली की मूल आईबापांतली फट ओळखतं आणि तीच वापरतं.

चोरून मोबाइल तपासण्याचंही तसंच. एकदा कळलं की दुसरं अकाउंट निघतं.

गाडीची चावी कौतुकानं देणं

"आमचा बारका आत्ताच बुलेट चालवतो." असं कौतुक आपल्याकडं जत्रेत आणि लग्नात सर्रास ऐकू येतं. कायदा सांगतो की १६ वर्षांनंतर फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, तीही लायसन्स काढून. हल्लीच्या बहुतेक मोपेड यात बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. क्लास लांब असेल तर केएमटीची बस, सायकल किंवा आळीपाळीनं सोडणारे पालक. अडचण खरी आहे, पण चावी हे तिचं उत्तर नाही.

"तालमीत जातोय म्हणजे काळजी नाही"

कोल्हापूरच्या तालमींनी पिढ्या घडवल्या, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आज तालमीशेजारी जिमही आहे, आणि महिन्याभरात दंड फुगवून देणारा 'दादा'ही तिथं भेटतो. मेफेंटरमाइन हे रक्तदाब फार घसरलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी देण्याचं औषध आहे. व्यायामाचा जोर वाढावा म्हणून ते टोचून घेणारी मुलं आहेत. त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात आणि सवय लागते. पोरगं काय खातंय, डब्यावर काय लिहिलंय, कोण देतंय, हे उत्सुकतेनं विचारा. हातावर सुईची खूण किंवा उडालेली झोप दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

फुटबॉलचा सामना जिंकला की रात्री थोरली पोरं धाकट्यांच्या हातात बिअर देतात, हेही पालकांना ठाऊक असतं. इथं एकट्या घराचं चालत नाही. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारूनं झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यांनी मुलांसाठी खेळ आणि संगीताच्या सोयी वाढवल्या, रात्री बाहेर राहण्याची वेळ ठरवली आणि पालकांनी एकमेकांशी करार केले. आपल्या पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात, हे बळ आपल्याकडं आधीच आहे. संघातल्या पाच-सहा मुलांच्या पालकांनी एकमेकांचे नंबर घेऊन "सामन्यानंतर साडेनऊला घरी" एवढं एकत्र ठरवलं, तर "फक्त माझेच आईबाबा असे" ही तक्रार उरत नाही.

मुलीला बंदी, मुलाला मोकळीक

मुलीच्या बाबतीत काळजी लगेच बंदी होते. मैत्रिणीकडं जायचं नाही, फोन नाही, आणि फारच बोलली तर स्थळं बघायला सुरुवात. अशा घरातली मुलगी त्रास देणाऱ्याचं नाव घरी सांगत नाही, कारण शाळा आपलीच सुटणार हे तिला माहीत असतं. तिला आधीच आणि स्पष्ट सांगा, "काहीही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही." ती जेवण टाळत असेल तर "बरंय, बारीक होतीये" म्हणू नका. आणि शरीर, नकार, संमती यांवरचं बोलणं मुलाशीही करा.

गप्प राहणं म्हणजे 'नाटक'

आवडता खेळ सुटला, झोप बिघडली, वस्तू वाटून टाकल्या, "मी नसलो तर बरं होईल" असं तोंडातून गेलं, तर यांतलं काहीही नाटक समजू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका आणि घरातली कीटकनाशकं, गोळ्या कुलपात ठेवा. शेती असलेल्या घरांनी हे एरवीही करावं.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६, आणि मूल संकटात असेल तर १०९८. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं. तिथं न्याल तेव्हा समुपदेशकाशी मुलाला थोडा वेळ एकट्यानं बोलू द्या, तेवढा वेळ तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.