जुन्या बाटलीवरून शीतपेयाच्या उत्पादकाचा माग कसा काढावा

स्थानिक शीतपेयाचा इतिहास शोधताना आरंभ कागदांपासून नव्हे, बाटलीपासून करावा; कारण छोट्या उत्पादकांची दप्तरे सहसा उरत नाहीत, काच मात्र उरते. प्रथम तोंड पाहावे: गोटीची बाटली हायरम कॉड यांच्या १८७०च्या दशकातील पेटंटानंतरची, तर पत्र्याच्या दातेरी बुचाची बाटली विल्यम पेंटर यांच्या १८९२च्या पेटंटानंतरची असते. साच्याची शिवण (साच्याच्या दोन भागांच्या जोडाची काचेवर उमटलेली रेघ) बाटलीच्या ओठाच्या कडेपर्यंत गेलेली असेल, तर ती बहुधा यंत्रावर घडलेली, म्हणजे विसाव्या शतकातील समजावी. तळावरील नाव अनेकदा काचकारखान्याचे असते (नवखे इथेच फसतात), म्हणून पेय भरणाऱ्याचे नाव बाटलीच्या अंगावरील उठावाच्या अक्षरांत शोधावे आणि त्या काळच्या व्यापारी निर्देशिकांशी व ट्रेडमार्कच्या नोंदींशी ताडून पाहावे.