साभार परत आलेला लेख आणि बारूखाची कुरकुर

ख्रिस्ती लेखनाकडे वळणाऱ्यांना सुरुवात कशी करायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काही काळ लिहिल्यावर हात का थांबतो, यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही. निराशा कुठल्याही लेखकाला चुकत नाही, पण आपल्या बाबतीत तिला एक जादा काटा असतो. लिहिण्याचं पाचारण, म्हणजे देवाची हाक, आपल्याला आहे, असं आपण मनाशी धरलेलं असतं. त्यामुळे लेख साभार परत आला की मन संपादकापाशी थांबत नाही. देवालाच हे नको असेल, इथपर्यंत जाऊन पोचतं.

ही दोन प्रकरणं वेगळी ठेवायला शिकलो, तेव्हा माझं बरंचसं ओझं उतरलं. संपादकाचा नकार बहुधा अगदी साध्या कारणाने येतो. शब्दमर्यादा ओलांडलेली असते, किंवा तसाच लेख नुकताच छापून झालेला असतो. नाताळचा लेख डिसेंबरात पाठवलात तर तो परत येणारच, कारण अंक तोवर छपाईला गेलेला असतो. त्यात दैवी संकेत शोधत बसू नका.

नाकारलेल्या लेखनाबद्दल पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, एक सबंध अध्याय आहे, यिर्मया ३६. यिर्मया संदेष्टा सांगत गेला आणि त्याचा लेखनिक बारूख शाईने लिहीत गेला. ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचली जात असताना, तीन-चार रकाने झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकी. सगळी गुंडाळी अशी जळली. पुढे काय झालं? दुसरी गुंडाळी घेऊन सगळं पुन्हा लिहिलं गेलं, आणि त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. पुनर्लेखनाचा कंटाळा येतो तेव्हा मला ही भर आठवते.

पण नवोदितांनी खरं तर यिर्मयाचाच ४५ वा अध्याय वाचावा. जेमतेम पाच वचनांचा आहे आणि लेखनिकाच्या निराशेबद्दलच आहे. बारूख म्हणतो, मी कण्हून थकलो, मला विसावा नाही. त्यावर देव त्याची पाठ थोपटत नाही. तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टींची इच्छा धरतोस काय, असं विचारतो आणि ती धरू नको म्हणतो. सोबत त्याचा जीव राखण्याचं वचन देतो. उत्तर कडक आहे खरं, पण मला ते दिलासा देणारं वाटतं. बरोबरीच्या कुणाचं पुस्तक निघालं आणि पोटात कळ उठली, की तिथे नेमकं काय दुखतंय हे या प्रश्नाने कळतं.

बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्याला ११ मार्च १८१२ रोजी लागलेली आगही त्या जळालेल्या गुंडाळीसारखीच. मिशनरी विल्यम केरी आणि सहकाऱ्यांची भाषांतरांची, व्याकरणांची, कोशाची हस्तलिखितं गेली, खिळे वितळले. छपाईयंत्रं आणि खिळे ओतायचे साचे मात्र वाचले. त्याच वितळलेल्या धातूतून नवे खिळे ओतून काम पुन्हा सुरू झालं.

आता आपल्या लेखनातल्याच दोषाबद्दल. निराशा कधीकधी बरोबर बोलत असते! परत आलेला लेख काढा आणि त्यातली मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, ठरावीक वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित करा. उदाहरणार्थ, ‘त्या कठीण काळात प्रभूच्या कृपेने मला अपार शांती लाभली.’ वाक्य खोटं नाही, पण वाचकाला दिसत काहीच नाही. त्याऐवजी, ‘ऑपरेशनच्या आदल्या रात्री तेविसावं स्तोत्र म्हणायला घेतलं, ‘मृत्युच्छायेच्या’पाशी अडखळलो आणि तिथेच झोप लागली.’ शांती हा शब्दही न येता ती पोचते. मंडळीबाहेरच्या एखाद्याला लेख वाचायला द्या आणि कुठे कंटाळा आला एवढंच विचारा. उपासनेनंतर ‘छान लिहिलंय’ म्हणणारे प्रेमाने म्हणतात, त्यावर विसंबू नका. त्यांच्यातल्या निम्म्यांनी लेख वाचलेला नसतो.

दुसरी गोष्ट उशिरा लक्षात येते. रोजचं शास्त्रवाचन हळूहळू विषय शोधण्याचं साधन होऊन बसतं. वचन मनात उतरण्याआधीच त्याचं शीर्षक सुचतं. मग आतून कोरडेपणा येतो आणि आपण त्याला लेखकाची अडचण समजतो. यावर मी वाचनाच्या वेळी वही-पेन दुसऱ्या खोलीत ठेवतो. काही चांगले विषय त्यामुळे निसटतात, निसटोत बापडे.

आणि थकवा असेल तर तो थकवाच समजा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागून झुडपाखाली झोपतो, तेव्हा देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. ‘तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न तो होरेब डोंगराला पोचल्यावर येतो. लेखन सोडायचं की नाही हे जागरणाच्या रात्री ठरवू नये. जेवण-झोप सुधारूनही अंधार सरत नसेल, लेखनाबाहेरचंही काही नकोसं वाटत असेल, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा. लेख तोवर थांबला तरी चालतो.