गावचं जुनं घर दुरुस्त करताय? सिमेंटची गोणी जरा लांबच ठेवा

कोकणातलं जांभ्या दगडाचं घर असेल तर पहिलं काम म्हणजे ऐन पावसात तिकडे जाऊन राहा, चार दिवस का होईना. कुठली भिंत ओल धरते, कुठला वासा काळा पडलाय हे मे महिन्यात कळत नाही, आणि आपण तोडफोड काढतो ती नेमकी मे महिन्यातच.

भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. आमच्या पडवीला गवंड्याने "मजबूत होईल" म्हणून केला, आम्हीपण मान डोलावली, दुसऱ्या पावसाळ्यानंतर ठोकून बघितलं तर सगळं पोकळ, ताटाएवढे पापुद्रे खाली आले आणि सोबत जांभ्याच्या चिऱ्याचा लाल भुगा. जांभा जमिनीतली ओल वर ओढतो, ती बाहेर पडायला वाट लागते, सिमेंट तीच अडवतं. चुना अडवत नाही. कळीचा चुना (भाजलेला, पाणी न लागलेला) पाण्यात विरवून दोन-तीन आठवडे तरी पाण्याखाली मुरू द्यायचा, मग एकास तीन धुतलेली वाळू (समुद्राची अजिबात नको, मीठ भिंतीत जातं), आणि झाल्यावर आठवडाभर भिंत ओलसर ठेवायची. वरून पण चुन्याचीच सफेदी, ऑइलपेंट नाही.

कौलं उतरवताना एकेक वाजवून बघा, खणखणीत वाजलं की ठेवा, भद्द वाजलं की तडा आहे. बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने १८६५ला मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, नंतर बाकीचे आले, बऱ्याच जुन्या कौलांवर कारखान्याचा छाप असतो. तोच छाप शोधा, कारण दुसरीकडचं कौल खाचेत नीट बसेलच असं नाही आणि मग गळतं. कमी पडली तर जुनी सगळी पुढे, नवीन मागच्या बाजूला.

खांब बुडाशी कुजला की सुतार म्हणणार अख्खा बदलू, त्याला ते सोपं पडतं. वरचं लाकूड चांगलं असेल तर टेकू देऊन कुजका भाग कापायचा आणि त्याच जातीच्या लाकडाचा सांधा मारून घ्यायचा. दारांचा जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, रिमूव्हर लावून खरवडा, मग अळशीचं तेल. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका हां, आपोआप पेटतात, उघड्यावर पसरून वाळवा. आणि कडी-कोयंडे, बिजागऱ्या काढल्या की कुठल्या दाराच्या ते लिहून पिशवीत भरा, आमची माजघराच्या दाराची एक बिजागरी अजून सापडलेली नाही, बहुतेक भंगारात गेली.